हिरवं अंगडं आणि हेरोद राजा

प्रवासाविषयी लिहिणारा माणूस धाडसी असावा अशी वाचकांची अपेक्षा असते. मी भित्रा आहे. बोटीत बसलो की जीव मुठीत धरतो, कुत्रं भुंकलं की रस्त्याची पलीकडची बाजू गाठतो. माझी बायको रिबका म्हणते, "तुमच्या सावलीनं हाक मारली तरी तुम्ही ओ देणार नाही." असा मी चव्वेचाळीस सालच्या डिसेंबरात, ऐन लढाईच्या दिवसांत, मुंबई सोडून नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात नाताळ बघायला गेलो. त्याला कारण झाला शांतवन.

शांतवन आणि मी पुण्याला चित्रकलेच्या परीक्षेच्या वेळी एका खोलीत राहत होतो. तो ख्रिस्ती, मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी, आडनाव थळकर. खानावळीत लोक आम्हाला आधी आडनाव विचारायचे आणि मग पाट जरा लांब सरकवून बसायचे. त्यातून आमची गट्टी जमली. पुढे मी मुंबईत चित्रकला शिकवू लागलो आणि तो तिसगावच्या पलीकडे धामणवाडीत मास्तर झाला. त्या वर्षी नाताळ आणि मोहरम एकाच आठवड्यात येत होते. "तुला सोंगांचं वेड आहे, रंगांची पेटी घेऊन ये," असं त्यानं कळवलं, आणि मी भुललो.

वेड खरंच आहे. आमच्यात पुरीम नावाचा सण असतो. तो होळीच्या सुमारास येतो म्हणून आमची जुनी माणसं त्याला अजूनही 'होळीचा सण' म्हणतात. त्या दिवशी आमच्या शाळेतली पोरं राजा होतात, एस्तेर राणी होतात, आणि सगळ्या यहुद्यांची कत्तल करायला निघालेला दुष्ट प्रधान हामान होतात. हामानाचं नाव निघालं की सगळे मिळून दाणदाण पाय आपटतात. त्या पोरांच्या मिशा दरवर्षी मी काढतो. मिशा काढता काढता मला नेहमी वाटायचं, की शिमग्याला सोंगं, मोहरमला सोंगं, नाताळला सोंगं; एवढ्या सगळ्या लोकांनी वर्षातून एकदा दुसऱ्याचे कपडे का घालावेत? नुसती गंमत म्हणून एवढा खटाटोप कुणी करणार नाही.

नगर

शब्बाथात, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीत, आम्ही प्रवास करत नाही, म्हणून शुक्रवारी दिवे लागायच्या आत नगरला मेव्हण्याकडे पोचलो. शनिवारी गावात पायी हिंडलो. रस्त्यावर लष्करी गाड्यांची रांग आणि त्यांच्यामधून वाट काढत मोहरमचे वाघ. अंगभर पिवळा रंग, वर काळे पट्टे, डोक्याला कानांची टोपी, आणि मागे शेपूट धरून चालणारा एक माणूस. पुढे हलगी. एका वाघानं मला बरोबर हेरलं. त्यानं गुरगुरून अशी झेप घेतली की मी मिठाईच्या दुकानाच्या फळीवर कधी चढलो ते मलाच कळलं नाही. सगळा रस्ता हसला. वाघ जवळ येऊन हळूच म्हणाला, "भिऊ नगा मामा, आज माझा उपास हाय."

मीही हसलो. पण तेवढ्यात एक बाई गर्दीतून पुढे आली आणि तिनं कडेवरचं आजारी पोर वाघासमोर धरलं. हलगी थांबली. वाघानं पोराच्या पाठीवरून शेपटीचा गोंडा फिरवला. बाई रस्त्यातच त्याच्या पाया पडली आणि निघून गेली. आता कुणी हसत नव्हतं.

"नवसाचा वाघ आहे," मेव्हणा म्हणाला. "पोर जगावं म्हणून बोललेला नवस फेडतोय."

आमच्या पुरीममध्ये असं काही नाही. आमची सोंगं आठवण ठेवण्यासाठी असतात, पाय आपटण्यासाठी असतात. आमच्या कागदी मुकुटाला कुणी गाऱ्हाणं घालत नाही. त्या रात्री मला नीट झोप आली नाही, आणि त्याचं खापर मी मेव्हण्याच्या खाटेवर फोडलं.

तिसगावच्या पुढे

रविवारी तिसगावची बस. पेट्रोल नसल्यामुळे त्या दिवसांत बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालत. मागच्या बाजूला भट्टी, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. भट्टी फुटेल या भीतीनं मी अगदी पुढे जाऊन बसलो. पुढे दाराशी बसल्यामुळे ढकलायला पहिला मान माझाच आला, ते वेगळं.

तिसगावहून शांतवननं पाठवलेली बैलगाडी. गाडीवान गेनू बोलका होता. दोन्ही बाजूंना उघडी माळरानं, अधूनमधून बाभळी, ज्वारीची पिवळट शेतं आणि काटेरी कुंपणं. आमच्या कोकणात माणूस हरवला तर चार पावलांवर कुणाचं तरी परसदार लागतं. इथं हाक मारली तर ती कुठं जाऊन पडेल याचा नेम नाही.

"लांडगे आहेत का इकडे?" मी विचारलं.

"हायेत की. लई हायेत. मागल्या साली खळ्यावरनं लेकरू नेलं. दिवसाढवळ्या."

"दिवसा?"

"त्यांला काय घड्याळ असतंय व्हय, पाव्हनं?"

मी पाय गाडीच्या आत घेतले. गेनूनं ते पाहिलं, पण तो माणूस सभ्य होता.

धामणवाडी

शांतवनचं घर शाळेला लागून. त्याची बायको सगुणाबाई मला काय खायला घालावं या काळजीत होती, कारण आमच्या पद्धतीनं कापलेलं नसलं तर मी मटण खात नाही. शेवटी तिनं हुलग्याची शेंगोळी केली. लसूण, तिखट आणि त्या झणझणीत रश्शात शिजलेले पिठाचे वळसे. थंडीत तसलं काही मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. नाताळच्या करंज्या होत्या, पण साखर रेशनवर, म्हणून सारण गुळाचं. त्या मला तशाच जास्त आवडल्या.

जेवण चाललं असताना शेजारची मथुरा आली. विशी-बाविशीची, काटकुळी, कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा कारखान्याकडे ऊसतोडीला गेलेला, घरी एकटी. कडेवर आठ-नऊ महिन्यांचं गुटगुटीत बाळ, आणि त्याच्या अंगात हिरवंगार अंगडं, गळ्यात लाल-हिरवा नाडा, खांद्याला बोटभर झोळी. मोहरमचा फकीर.

"याचं नाव कोंडिबा," सगुणाबाई म्हणाली, "आणि हा माझा आहे."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. मथुराची आधीची मुलं जगली नव्हती. हा झाला तेव्हा बायकांनी त्याला उकिरड्यावर ठेवलं. सगुणाबाईनं 'टाकलेलं पोर' म्हणून उचललं, घरी आणलं आणि सूपभर कोंडा घेऊन मथुराला विकलं. म्हणून कोंडिबा. आता मरणाच्या हिशेबी हे पोर मथुराचं नाही, कुणाचंच नाही, कोंड्याच्या किमतीचं.

"आमच्या धर्मात हे बसत नाही," सगुणाबाई जरा ओशाळून म्हणाली. "पण तिचे डोळे बघवत नव्हते हो."

मोहरमचा फकीरही त्याच्यासाठीच. मथुरानं शेजारच्या खडकी गावच्या पिराला बोललं होतं, की पोराला दर मोहरमला हिरवं घालीन, पाच घरी भीक मागीन. फकिराचं पोर म्हटल्यावर मरण वळून बघत नाही. दहाव्या दिवशी ताबूत थंड होईपर्यंत, म्हणजे पाण्यात सोडेपर्यंत, हिरवं अंगावरून काढायचं नाही.

आणि आता शांतवनला नाताळच्या ख्रिस्तजन्माच्या नाटकासाठी बाळ हवं होतं. ख्रिस्ती वाड्यात त्या साली तान्हं मूल नव्हतं. मागच्या वर्षी त्यांनी गव्हाणीत कापडी बाहुली ठेवली होती, आणि मेंढपाळ झालेल्या पोरानं ती उलटी उचलली.

"नेतो म्हनता तर न्या, मास्तर," मथुरा म्हणाली. "सगुणाबाईला न्हाई कसं म्हनू? तिनं उचललं म्हनून तर हाय ह्यो. पन बाई, हिरवं काढायचं न्हाई. वरनं काय बी गुंडाळा."

"नाही काढणार," सगुणाबाई म्हणाली, आणि बाळाचा मुका घेतला.

ते पोर माझ्याकडे बघून हसलं, माझा चष्मा ओढला. इतकं जपलेलं पोर हातात घ्यायची मला भीती वाटली. मी नुसतं बोट पुढे केलं. त्यानं ते घट्ट धरलं.

नाताळचा दिवस

रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळे नाटक उपासनेनंतर दुपारीच. शाळेची ओसरी म्हणजे रंगमंच. डाव्या बाजूला गव्हाणी, उजव्या बाजूला हेरोद राजाचं सिंहासन, म्हणजे मास्तरांची खुर्ची आणि तिच्यावर लाल घोंगडी. समोर अंगणात सगळं गाव, ख्रिस्ती आणि हिंदू, मात्र आपापल्या जागी.

हेरोद, म्हणजे गोष्टीतला दुष्ट राजा, शांतवन स्वतः होता. गावात पोरांना कधी छडी न लावणारा, मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारा माणूस. त्याचा चेहरा मी रंगवला, आणि खोटं कशाला बोलू, मन लावून रंगवला. काजळी एरंडेलात खलून भुवया आणि दाढी, डोळ्यांच्या कडा शेंदरानं लाल, गालांवर काळ्या रेघा. घामानं ओघळू नये म्हणून तेल घट्ट ठेवलं. आरसा बघून शांतवन स्वतःच दचकला.

"जरा जास्त झालं का?" त्यानं विचारलं.

"राजा आहे," मी म्हटलं. "दिसू दे."

नाटक छान चाललं. मरिया झालेली पोरगी मांडीवर कोंडिबाला घेऊन बसली. पांढऱ्या दुपट्याखालून हिरवी बाही दिसत होती, आणि मथुरा अंगणात पुढेच बसून सारखी तिकडे बघत होती. बाळाला बघायला मेंढपाळ आले, पूर्वेकडचे ज्ञानी लोक आले. मग कोंडिबानं मरियेच्या मांडीवर जे करायचं ते केलं. अंगडं ओलं, दुपटं ओलं, बाहेर बोचरा वारा. सगुणाबाईनं बाळाला पडद्याआड नेलं, पुसलं, कोरड्या पांढऱ्या कापडात गुंडाळलं, परत मांडीवर ठेवलं आणि ओलं हिरवं अंगडं वाळायला कुंपणावर टाकलं. कुठल्याही आईनं केलं असतं तेच तिनं केलं. वचन तिच्या लक्षातच राहिलं नाही.

नेमका त्याच क्षणी हेरोद उठला.

तो आवाज शांतवनचा नव्हता. "नवा राजा जन्मला म्हणता? कुठं आहे तो? बेथलेहेमात दोन वर्षांच्या आतलं एक पोर जिवंत ठेवू नका! एकूण एक मारा! हा माझा हुकूम आहे!" त्यानं लाकडी तलवार उपसली आणि गव्हाणीकडे रोखली. अंगणातली पोरं रडायला लागली. मी रंगवलेला तो चेहरा उन्हात चकाकत होता, आणि मीच दोन पावलं मागे सरकलो.

मथुरा उभी राहिली. तिनं गव्हाणीकडे पाहिलं, पांढरं कापड पाहिलं; कुंपणाकडे पाहिलं, हिरवं अंगडं पाहिलं. पुढे धावली, मरियेच्या मांडीवरून बाळ उचललं आणि शाळेच्या मागून पळत सुटली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मीसुद्धा वाजवल्या. गोष्टीत मरिया बाळाला घेऊन मिसर देशाला पळते, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, शांतवननं काय झकास बसवलंय. शांतवनला वाटलं, लेकराला पाजायला घेऊन गेली. मरिया तेवढी रिकाम्या मांडीनं बसून राहिली आणि नाटक पुढे चालू झालं. गाणी झाली, प्रार्थना झाली, करंज्या वाटल्या. त्यानंतर सगुणाबाई वाळलेलं अंगडं घेऊन मथुराच्या घरी गेली. दाराला बाहेरून कडी होती. ती काढून आत पाहिलं. चुलीवरचं भांडं तसंच. गावात कुणाच्याच घरी ती नव्हती.

सगुणाबाई परत आली ती अंगडं छातीशी धरून. "मी हिरवं काढलं," एवढंच ती सारखं म्हणत होती.

तेवढ्यात एक मेंढका माळावरून आला. त्यानं सांगितलं, "मथुरा खडकीच्या अंगाला पळत गेली. ववढ्यानं. म्या हाक मारली, तर अजूनच पळाली. लेकरू नुस्तं पांढऱ्या फडक्यात हुतं."

उन्हं कलली होती. खडकीची वाट म्हणजे दोन टेकड्या आणि मध्ये ओढा, आणि ओढ्यात लांडग्यांची बिळं, हे गेनूनं मला कालच दाखवलं होतं. शांतवननं तोंडावर पाणी मारलं. एरंडेलातली काजळी पाण्याला कुठली दाद देणार? वाळूनं घासलं, तर रंग पसरून चेहरा आणखी भेसूर झाला.

"तू येऊ नको," मी म्हटलं. "तुला बघून ती आणखी लांब पळेल."

"आणि तू एकटा जाशील?" शांतवननं विचारलं.

मी माळाकडे पाहिलं. शेवटी दोघंही निघालो. सगुणाबाईनं हिरवं अंगडं माझ्या हातात दिलं.

खडकीच्या वाटेवर

त्या वाटेचं वर्णन मला धड करता येणार नाही, कारण मी वाट पाहिलीच नाही; मी फक्त झुडपांमागे काय हलतंय ते पाहत होतो. शांतवन पुढे, "मथुराऽ, ए मथुराऽ" अशा हाका मारत. मग मध्येच त्याच्या लक्षात यायचं की आपल्याच हाकेनं ती पळेल, आणि तो गप्प व्हायचा. ते गप्प चालणं जास्त वाईट होतं. ओढ्यात उतरलो तेव्हा बाभळीच्या काट्याला पांढऱ्या कापडाची चिंधी अडकलेली दिसली. शांतवननं ती काढली. तिच्यावर रक्ताचा ठिपका होता.

"काट्याचं असेल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच पटला नाही.

भीतीनं माणसाचं डोकं बंद पडतं म्हणतात. माझं उलट भरधाव सुटलं. मला एकामागून एक आठवायला लागलं. नाताळमध्ये पोरं मारायला निघालेला राजा आहे. आमच्या पुरीममध्ये हामानानं राजाच्या शिक्क्यानं हुकूम काढला, तो म्हाताऱ्यांपासून तान्ह्या पोरांपर्यंत सगळ्यांना एका दिवसात मारायचा. होळीच्या गोष्टीत पोराला मांडीवर घेऊन आगीत बसलेली होलिका आहे, आणि तिला बसवणारा राजा त्या पोराचा बापच. गोकुळाष्टमीला कंस आहेच. मी इतकी वर्षं मिशा आणि मुकुट रंगवत होतो, आणि प्रत्येक सोंगाच्या आत एक तान्हं पोर जीव घेऊन पळत होतं, ते मला कधी दिसलं नव्हतं. आपण गोड खातो, नवे कपडे घालतो, कारण एकेकाळी कुणीतरी असंच ओढ्या-ओढ्यानं धावलं आणि पोर वाचलं. आणि ज्यांची वाचली नाहीत त्यांचा सण कोण करणार?

त्या वर्षी आमच्या घरी वर्तमानपत्र आलं की माझे वडील ते उलटं घालून ठेवत. युरोपातल्या आमच्या लोकांविषयी आतल्या पानावर चार-दोन ओळी यायच्या. गावंच्या गावं रिकामी केली, गाड्या भरून नेलं, पोराबाळांसकट. कुठं नेलं ते कुणी सांगत नव्हतं. वडील म्हणायचे, अफवा असेल. त्या ओढ्यात मला पहिल्यांदा पक्कं वाटलं की ती अफवा नव्हे. मी रडायला लागलो. शांतवनला वाटलं, लांडग्याला भ्यालो. त्यानं माझा हात धरला, आणि टेकडी चढेपर्यंत सोडला नाही.

वर आलो तेव्हा सूर्य टेकला होता. खडकीतून ताशाचा आवाज येत होता.

खडकी

कत्तलच्या रात्रीची, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या आदल्या रात्रीची, तयारी चालली होती. पिराच्या खोलीपुढे अलाव्याच्या, म्हणजे निखाऱ्यांच्या, खड्ड्यात लाकडं रचलेली, उदाचा धूर, रंगीत कापडं नेसवलेले, काठ्यांवरचे धातूचे पंजे भिंतीशी उभे. एका टोपलीत गोड चोंगे, दुसरीत मलिदा. आम्हीसुद्धा एलियाहू नबीच्या नावानं मलिदाच करतो. एरवी मी लगेच चौकशी केली असती. अंगणातल्या माणसांनी शांतवनचा चेहरा पाहून वाट दिली. त्यांना वाटलं, हाही कुणी नवसाचा.

मथुरा पंज्यांच्या पायाशी बसली होती. पदर फाटलेला, दंडावर काट्यानं लांब ओरखडा. पदराखाली कोंडिबा दूध पीत होता. ते पाहिलं आणि मी उंबऱ्यावर बसलो.

आम्हाला पाहून ती भिंतीत शिरायला बघू लागली. पिराची देखभाल करणारा म्हातारा मुजावर मध्ये आला. "हितं कुनी हात लावायचा न्हाई. हितं ज्यांच्या नावाचं पंजे बसवलेत ना, त्यांचं बी तान्हं लेकरू लढाईत बानानं मारलं हुतं. तहानेलं हुतं. हितं आलेल्या लेकराला आमी बाहीर देत न्हाई."

"मथुरा," शांतवन काकुळतीला येऊन म्हणाला, "अगं, मी मास्तर. हा रंग आहे नुसता. ह्या पाव्हण्यांनी लावलाय, विचार त्यांना."

"रंग हाय ते दिसतंय मला," मथुरा म्हणाली. "मी काय खुळी हाय? पन हिरवं अंगडं तरी काय हुतं? कापडच न्हवं? त्यानं जगला ह्यो. कापडानं जगतंय, मग रंगानं मरंल न्हाई कशावरनं?"

मुंबईला इतकी वर्षं मी सोंगांवर गप्पा मारल्या, पण असा सवाल कुणी केला नव्हता. मी हिरवं अंगडं पुढे केलं. तिनं ते झडप घालून घेतलं, बाळाच्या अंगात घातलं, पण उठली नाही.

"मास्तर, तुमच्याशी माझं भांडान न्हाई," ती म्हणाली. "तुमी चांगलं हायसा. पन हुकूम राजानं दिलाय. तवा राजानंच तो माघारी घ्यायचा. मग येते मी."

शांतवन माझ्या कानाशी लागला. "थळकर, शास्त्रात हेरोद हुकूम मागे घेत नाही रे. मी शास्त्र शिकवणारा माणूस. कसं म्हणू?"

आमच्याही शास्त्रात नाही. एस्तेर राणीनं पाय धरले तरी राजाला स्वतःचा हुकूम परत घेता आला नाही. शिक्का मारलेलं पत्र राजालाही फिरवता येत नाही, असं त्या गोष्टीत स्पष्ट आहे. त्यानं फक्त यहुद्यांना जिवासाठी लढायची मुभा दिली. लहानपणी मला ते वाचून वाटायचं, हा कसला राजा.

"म्हण," मी शांतवनला म्हटलं. "मी आहे साक्षीला."

शांतवन ताठ उभा राहिला. ताशा थांबला होता. त्यानं तोच आवाज काढला, दुपारचा, पण तो कापत होता. "मी हेरोद राजा. माझा हुकूम मी मागे घेतो. हे पोर मी सोडलं. याच्या केसाला कुणी धक्का लावायचा नाही."

मथुरा त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आन बाकीची?"

"कोणती बाकीची?"

"दोन वर्साच्या आतली समदी म्हनला हुता की. त्यांला आया न्हाईत व्हय?"

शांतवनच्या रंगवलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि शेंदूर ओघळला. "सगळी," तो म्हणाला. मग मोठ्यानं, तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सगळी सोडली. एकूण एक. जिथं जिथं असतील तिथली."

मुजावर म्हणाला, "आमीन." मीही म्हणालो. ते खरं व्हावं असं मला फार वाटत होतं; आणि ते खरं नाही हेही मला कळत होतं. माझ्या डोळ्यांपुढे युरोपातल्या त्या गाड्या होत्या, आणि त्यांच्यापुढे कुणी मथुरा उभी नव्हती.

मथुरा उठली. तिनं पंज्यांना हात जोडले, पदर नीट केला, आणि सरळ हेरोद राजापाशी जाऊन कोंडिबाला त्याच्या हातात दिलं.

"धरा," ती म्हणाली. "पळून पळून लई दमले मी."

शांतवननं बाळ घेतलं. कोंडिबानं त्याच्या रंगवलेल्या काळ्या दाढीवर दोन्ही हात चोळले, आणि तेच हात स्वतःच्या गालांना पुसले. हिरव्या अंगड्यावर काळं, कपाळावर काळं, हनुवटीवर काळं. शांतवन घाबरून उपरण्यानं पुसायला लागला.

मथुरानं त्याचा हात धरला. "राहू द्या, मास्तर," ती म्हणाली. "तीट लागली त्याला."